लोकमान्यांचा मधुमेह आणि हृदयाचा हिशेब

आमच्या प्रतिनिधीकडून

सोनई (ता. नेवासे, जि. अहिल्यानगर) : ऑगस्टची पहिली तारीख आली की गावोगावच्या शाळांतून दोन तसबिरी मांडल्या जातात. एक अण्णाभाऊ साठे यांची, कारण त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२०चा. आणि दुसरी लोकमान्य टिळकांची, कारण त्याच दिवशी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले. सोनईच्या शाळाही याला अपवाद नाहीत. मुले पाठ केलेली भाषणे म्हणतात. त्यांत शेंगांची टरफले येतात, 'केसरी' येतो, गणेशोत्सव येतो, मंडाले येते. एक गोष्ट मात्र कोणत्याही भाषणात येत नाही. मंडालेला गेलेला हा कैदी मधुमेही होता, आणि आयुष्यातील निदान शेवटची बारा वर्षे त्याने हा आजार अशा काळात सांभाळला, की ज्या काळात त्यावर औषध म्हणून काहीही नव्हते.

सोनईहून हे लिहिण्यास एक निमित्त आहे. प्रस्तुत प्रतिनिधीचे आजोळ येथले. मुळा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात ज्यांची हयात ऊस लावण्यात आणि तोडणीची वाट पाहण्यात गेली, अशा पिढीतले आमचे आजोबा होते. शरीराने काटक, चालणे रोजचे, व्यसन कसले नाही. साठी ओलांडल्यावर एका पहाटे त्यांना दरदरून घाम फुटला. छातीत कळ नव्हती. अपचन असेल म्हणून घरच्यांनी ओवा दिला आणि दुपारपर्यंत वाट पाहिली. नगरला नेईतो हृदयाचा मोठा भाग निकामी झाला होता. तेथे रक्त तपासले तेव्हा साखर तीनशेच्या वर निघाली. त्यांना मधुमेह असल्याचे घरात कोणालाही ठाऊक नव्हते, त्यांना स्वतःलाही नव्हते. पुढे चार दिवसांनी ते गेले. साखरेच्या गावात साखर तपासायचे राहून गेले, असे त्या वेळी कोणीतरी म्हणाले होते. ते तेव्हा क्रूर वाटले होते.

टिळकांची गोष्ट याच्या बरोबर उलट टोकाची आहे. त्यांना आपला आजार माहीत होता आणि तो माहीत असलेला माणूस काय करू शकतो व काय करू शकत नाही, हे त्यांच्या आयुष्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचित दिसते. म्हणून त्यांचे चरित्र या एका बाजूने पाहावयास हरकत नाही.

रत्नागिरीत २३ जुलै १८५६ रोजी जन्मलेले बाळ गंगाधर टिळक बालपणी प्रकृतीने दणकट नव्हते. आई लहानपणीच गेली. वडील गंगाधरपंत १८७२मध्ये गेले, तेव्हा बाळ सोळा वर्षांचा होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतल्यावर त्यांनी जो निर्णय घेतला तो त्या वयाच्या विद्यार्थ्याला शोभणारा नव्हता, पण टिळकांना शोभणारा होता. पहिले वर्ष त्यांनी अभ्यासाऐवजी शरीरासाठी दिले. तालीम, कुस्ती, पोहणे यांत दिवस घालवले. परीक्षेत अपयश आले. प्रकृती मात्र कमावली. १८७७मध्ये ते गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले आणि १८७९मध्ये कायद्याची पदवी मिळवली. या कमावलेल्या शरीराच्या भांडवलावर पुढची चाळीस वर्षे काढली गेली, असे त्यांचे चरित्रकार मानत आले आहेत आणि ते खरेच आहे.

येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. तालमीत घडलेला, आहारात साधा, मद्य-मांसाला न शिवणारा माणूस मधुमेही कसा होतो, हा प्रश्न आजही अनेक घरांत विचारला जातो. मधुमेह हा लठ्ठ, आळशी, गोडघाशा माणसाचा आजार, ही समजूत अजून पक्की आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले आयुष्य या समजुतीच्या मुळाशी जाण्यात घालवले. त्यांनी आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांच्या उंची-वजनाचे गुणोत्तर अगदी एकसारखे, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ दिसणारा भारतीय आतून तसा असेलच असे नाही. पुणे परिसरातील खेड्यांत १९९३पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासातून ही घडण जन्माच्या आधीपासूनच सुरू होते, असेही पुढे आले. टिळकांच्या बाबतीत यातले काय लागू पडते हे कोणी सांगू नये. त्यांना सुपारीची सवय होती, हे मात्र सर्वज्ञात आहे; आणि सुपारीचा मधुमेहाशी संबंध असावा असे अलीकडच्या काही अभ्यासांत दिसून आले आहे, एवढेच जाता जाता.

१८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१मध्ये 'केसरी' आणि 'मराठा', मग कोल्हापूर प्रकरणात १८८२मध्ये आगरकरांसमवेत डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवस, हा क्रम सर्वांना परिचित आहे. प्रकृतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १८९७चा तुरुंगवास. पुण्यात प्लेग, रँडची हत्या, त्यानंतर राजद्रोहाचा खटला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी. तुरुंगातील कांदा-लसूण घातलेले जेवण त्यांना चालत नसे, त्यामुळे बऱ्याच वेळा कोरड्या भाकरीवर भागवावे लागे. वजन झपाट्याने उतरले. मॅक्सम्युलर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी आदींच्या अर्जानंतर ६ सप्टेंबर १८९८ रोजी सुटका झाली, तेव्हा बाहेर आलेला माणूस आत गेलेल्या माणसाची सावली वाटावा असा होता. सिंहगडावर राहून त्यांनी प्रकृती सावरली आणि त्याच वर्षअखेरीस मद्रासच्या काँग्रेसला गेले, तेथून सिलोनलाही जाऊन आले.

त्यानंतरची दहा वर्षे विश्रांतीची नव्हतीच. ताईमहाराज प्रकरणाने त्यांना कोर्टाच्या पायऱ्यांवर बसवले. १९०३मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. वंगभंग, सुरतेची फूट, पैसाफंड, दारूबंदीची चळवळ. रात्री अग्रलेख सांगणे, दिवसा वकिलांशी खल. मधुमेहाने शरीरात प्रवेश करण्यास आणखी कसली वाट हवी? अर्थात मानसिक ताणाने मधुमेह होतो असे सरसकट म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण असलेला मधुमेह ताणाने चढतो, हे निर्विवाद आहे.

१९०८च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे राजद्रोहाचा दुसरा खटला उभा राहिला, तेव्हा टिळक बावन्नाव्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात होते आणि मधुमेह त्यांच्याबरोबर होता. स्वतःचा बचाव त्यांनी स्वतः केला. अनेक दिवस मिळून २१ तास १० मिनिटे ते बोलले. मधुमेही रुग्णाला घशाला पडणारी कोरड, वरचेवर लागणारी तहान आणि लघुशंका, पायांतील थकवा या सर्वांचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी या आकड्याकडे जरा थांबून पाहावे. चरित्रग्रंथांत हा आकडा वक्तृत्वाचा पुरावा म्हणून येतो. तो शरीराच्या सहनशक्तीचाही पुरावा आहे. २२ जुलैच्या रात्री दहाच्या सुमारास सात विरुद्ध दोन अशा ज्यूरीच्या मतावरून सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. तो साबरमतीच्या तुरुंगात उजाडला. गिरणी कामगारांनी सहा दिवस मुंबई बंद ठेवली.

पुढे वय आणि प्रकृती यांचा विचार होऊन काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेवर आली आणि सप्टेंबरमध्ये त्यांना जहाजाने रंगूनला व तेथून मंडालेला नेण्यात आले.

मंडालेची ती लाकडी कोठडी मराठी वाचकांच्या मनात 'गीतारहस्या'ची जन्मभूमी म्हणून कोरली गेली आहे. उन्हाळ्यात भाजून काढणारी, हिवाळ्यात वारा आत घेणारी. पण त्याच कोठडीत आणखी एक काम रोज चालू होते, ते म्हणजे साखर आटोक्यात ठेवण्याचे. त्या काळी साखर रक्तात नव्हे तर लघवीत मोजली जाई. लघवी आणि ताम्रयुक्त द्रावण एकत्र तापवायचे आणि निळ्याचे हिरवे, पिवळे, विटकरी होते का ते पाहायचे. ही तपासणी किती ढोबळ होती ते आज समजते. रक्तातील साखर साधारण १८०च्या वर जाईपर्यंत मूत्रपिंडे ती बाहेर सोडतच नाहीत. म्हणजे लघवी स्वच्छ दाखवते आणि रक्तवाहिन्या मात्र वर्षानुवर्षे साखरेत भिजत राहतात. लघवीला मुंग्या लागतात हे सुश्रुताच्या परंपरेला माहीत होते, पण मुंग्या लागण्याच्या आधीचा आजार माहीत होण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

औषध नव्हतेच. उपचार म्हणजे पथ्य. अमेरिकेत फ्रेडरिक अॅलन यांनी १९१५च्या सुमारास जवळजवळ उपासमारीचा आहार शास्त्रशुद्ध करून मांडला, पण धान्य कमी करण्याचा मार्ग त्यापूर्वीही चालत होता. टिळकांनी मंडालेत भात-गहू सोडून सातूच्या पिठावर आणि दूध-दह्यावर आपला आहार बसवला. सातू म्हणजे जव. त्यातील तंतुमय अंशामुळे जवाच्या पिठाने साखर गव्हा-तांदळाइतकी वेगाने चढत नाही, हे आज प्रयोगशाळेत मोजता येते. त्या वेळी ते आपल्याकडील वैद्यकाच्या परंपरेने आणि अनुभवाने ठरले होते. रांधून घालायला सातारकडचा एक कैदी सोबत दिला होता. त्या दोघांच्या सहवासाच्या आठवणी पुढे प्रसिद्ध झाल्या. तुरुंगात पथ्य पाळणे सोपे असते, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. समारंभ नाहीत, पंक्ती नाहीत, आग्रह नाही, हे खरे. पण त्या एकाकी दिवसांत जेवण हाच ज्याच्या वाट्याचा एकमेव बदल, त्याने तोच चवीशिवाय स्वीकारायचा, यालाही निग्रह लागतो.

मंडालेत पटकीची साथ आली तेव्हा त्यांना काही काळ मेकटिलाच्या तुरुंगात हलवण्यात आले. १९१०च्या नोव्हेंबरपासून १९११च्या मार्चपर्यंत शिसपेन्सिलीने 'गीतारहस्या'चा खर्डा लिहून झाला. मधुमेहाने डोळे जातात आणि हातापायांना मुंग्या येतात. या माणसाने पाच महिन्यांत पेन्सिलीने इतके लिहिले, यावरून निदान तेव्हा तरी पथ्याने त्याला साथ दिली असावी, असे म्हणावयास जागा आहे. १९१२च्या जूनमध्ये पुण्यात पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. ती बातमी तारेने कोठडीत पोहोचली.

१९१४च्या जूनमध्ये एका मध्यरात्री त्यांना गायकवाड वाड्याच्या दाराशी सोडण्यात आले. अठ्ठावन्न वर्षे पुरी होत आली होती.

आता नगरकडे वळावयास हवे, कारण नगरकरांना या कथेतील आपला वाटा फारसा ठाऊक नसतो. बेळगावला एप्रिल १९१६मध्ये होमरूल लीग स्थापन झाली. १ मे रोजी बेळगावला एक व्याख्यान आणि ३१ मे व १ जून रोजी नगरला दोन व्याख्याने, अशा तीन भाषणांवर सरकारने बोट ठेवले. तेव्हाचा नगर जिल्हा म्हणजे कोरडवाहू, वारंवार दुष्काळात सापडणारा. मुळा धरण नव्हते, सोनईचा कारखाना तर पुढच्या अर्धशतकाच्या पलीकडला. आशियातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी १९५०च्या सुमारास घातला गेला, तोही बराच नंतर. मे महिन्याच्या अखेरीस उन्हात होरपळलेल्या नगरात साठीला टेकलेला मधुमेही वृद्ध लागोपाठ दोन दिवस सभेत उभा राहून बोलतो, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. २३ जुलै १९१६ला पुण्यात साठीनिमित्त एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली आणि त्याच दिवशी सरकारची नोटीस हाती पडली : वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. बॅरिस्टर जिना यांनी बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. नगरची भाषणे कायद्याच्या पुस्तकात गेली.

लखनौ करार, वऱ्हाडचे दौरे, मग १९१८च्या सप्टेंबरमध्ये चिरोलवरील दाव्यासाठी विलायतेचे प्रयाण. त्या हिवाळ्यात जगभर इन्फ्लुएंझाची साथ थैमान घालत होती. थंडीची सवय नसलेला, शाकाहारी, पथ्याचा हा रुग्ण वर्षभर लंडनमध्ये राहिला. फेब्रुवारी १९१९मध्ये दावा हरला, खर्चाचा बोजा अंगावर आला. नोव्हेंबरमध्ये ते परतले आणि डिसेंबरात अमृतसरच्या काँग्रेसला हजर राहिले. पुढचे वर्ष शेवटचे.

ताईमहाराज प्रकरणाच्या शेपटासाठी १९२०च्या जुलैमध्ये ते मुंबईस आले आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरले. निकाल त्यांच्या बाजूने लागला. ताप मात्र होताच. पावसाळी हवेत मोटारीतून फेरफटका झाला आणि थंडी वाजून ताप वाढला. चौसष्टावा वाढदिवस अंथरुणात गेला. पुढे फुप्फुसांना सूज आली, वात झाला, बरळणे सुरू झाले. शेवटच्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांची खरी चिंता हृदयाची होती. नामवंत डॉक्टर उशाशी होते. रस्त्यावर पावसात लोक उभे होते. ३१ जुलै संपून १ ऑगस्ट लागला आणि पाऊण तासाच्या आत सारे संपले.

या मृत्यूला मधुमेहजन्य हृदयविकार असे नाव देणे हा आगाऊपणा होईल. हृदयाचा विद्युत आलेख लायडनमध्ये आयन्थोव्हेन यांनी शतकाच्या आरंभीच काढला होता, पण मुंबईच्या खाटेशी तो पोहोचायला अवकाश होता. हृदयाच्या रोहिणीत गुठळी होऊनही माणूस काही काळ जगू शकतो आणि त्या अवस्थेचे निदान जिवंतपणी करता येते, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली मांडले तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी फारसे लक्ष दिले नव्हते. तेव्हा सरदारगृहातल्या डॉक्टरांनी हृदय थकले असे म्हटले, तर त्यामागे काय होते हे आज कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. पण तीन धागे एकत्र ठेवून पाहता येतात : निदान बारा वर्षांचा मधुमेह, चौसष्टचे वय, आणि फुप्फुसाचा जंतुसंसर्ग. आजच्या कोणत्याही अतिदक्षता विभागातील डॉक्टरला हे तीन धागे सांगावेत. चौथा, हृदयाचा, तो स्वतः विचारील. संसर्गाने साखर चढते, चढलेल्या साखरेने संसर्ग बळावतो आणि दोहोंचे ओझे हृदयावर पडते.

हा संबंध तेव्हा मात्र कोणाच्या डोक्यात नव्हता. मधुमेह म्हणजे लघवीचा रोग, हृदयविकार म्हणजे छातीचा. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय? तो जोडण्यास अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या रहिवाशांची १९४८पासून सुरू झालेली तपासणी कामी आली. वर्षानुवर्षे त्याच लोकांकडे परत परत जाऊन नोंदी ठेवल्यावर १९७०च्या दशकात चित्र उभे राहिले, की मधुमेही माणसाला हृदयविकार होण्याचा संभव इतरांच्या दुपटी-तिपटीने अधिक असतो आणि हृदय दुर्बल होण्याच्या बाबतीत स्त्रियांचे प्रमाण त्याहूनही वाईट. साखरेने रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खरबरीत होते, त्यावर चरबीचे थर लवकर बसतात, रक्त गोठण्याकडे झुकते. शिवाय साखर मज्जातंतूही बोथट करते. त्यामुळे हृदयाचा झटका येऊनही छातीत कळ येत नाही. नुसता घाम, मळमळ, धाप. आमच्या आजोबांना पहाटे जे झाले त्याचे नाव वैद्यकशास्त्रात मूक झटका असे आहे, हे या लेखाच्या तयारीत समजले. ओव्याने तो थांबणार नव्हता.

मग ठाऊक नसलेला मधुमेह किती जणांच्या हृदयात दडलेला असतो? स्वीडनमध्ये याचा एक साधा पण अस्वस्थ करणारा हिशेब झाला होता. हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या आणि पूर्वी मधुमेह असल्याचे माहीत नसलेल्या १८१ रुग्णांना घरी सोडण्यापूर्वी ग्लुकोज पाजून तपासण्यात आले. २००२ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांना मधुमेह होताच, आणि आणखी एक तृतीयांश त्याच्या उंबरठ्यावर. म्हणजे तिघांपैकी दोघे साखरेची गडबड घेऊन हृदयाच्या विभागात आले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ब्रिटनमधील वीस वर्षे चाललेल्या मोठ्या मधुमेह अभ्यासातही, निदान झाले त्या दिवशीच सुमारे निम्म्या रुग्णांच्या शरीरात कसला ना कसला उपद्रव सुरू झालेला आढळला होता. निदानाचा दिवस हा आजाराचा पहिला दिवस नसतो. तो बहुधा आजाराच्या पाचव्या, सातव्या, क्वचित दहाव्या वर्षातला एक दिवस असतो.

आपल्याकडचे आकडे यापेक्षा दिलासादायक नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींहून अधिक उंबरठ्यावरचे, असा अंदाज दिला. जगभरात दहांतील चारांहून अधिक मधुमेहींना आपला आजार माहीत नसतो, असे आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ सांगतो. तपासणी मात्र मंडालेतल्या त्या तांब्याच्या द्रावणाइतकी ढोबळ उरलेली नाही. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक : यांपैकी काहीही निघाले आणि फेरतपासणीत कायम राहिले, तर तो मधुमेह. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे ठाऊक असते, असे आपण धरून चालतो. सोनईला उसाच्या बांधावर ते ठाऊक नसते, असेही धरून चालतो. दोन्ही गृहीते तपासून पाहावीत अशी आहेत. शहरातील किती जण तिशी ओलांडल्यावर विनाकारण, म्हणजे काहीही होत नसताना, रक्त देऊन येतात?

दुसरे एक मोठे नाव येथे घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही मधुमेही होते. १९४८च्या एप्रिलमध्ये त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला, त्यामागे प्रकृतीची ही काळजी होतीच. पायांच्या असह्य वेदनांत रात्र रात्र जागून ते घटनेच्या मसुद्यावर काम करीत. टिळकांना नसलेले इन्शुलीन त्यांच्या काळात मिळत होते. रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांवर आज हाताशी असलेली औषधे मात्र तेव्हा नव्हती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झोपेतच त्यांचे निधन झाले, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. टिळक चौसष्टचे होते.

टिळकांची अंत्ययात्रा १ ऑगस्टच्या दुपारी सरदारगृहातून निघाली. पाऊस कोसळत होता. चौपाटीच्या वाळूत दहनाची परवानगी मिळाली होती, तशी ती एरवी कोणाला मिळत नसे. खांदा देणाऱ्यांत महात्मा गांधी, शौकत अली, सैफुद्दीन किचलू होते. असहकाराचे आंदोलन त्याच दिवसापासून सुरू होणार होते.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, १९२१मध्ये, टोरांटो विद्यापीठाच्या एका उकाड्याच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडांतून एक अर्क काढण्यास सुरुवात केली. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ते फारसे गुणकारी ठरले नाही. अर्क शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिले तेव्हा साखर उतरली. सरदारगृहातील त्या रात्रीला तोवर सतरा महिने आणि काही दिवस झाले होते.